रन-अप जमत नाही, सारखे नो-बॉल पडतात. काय करू?

इचलकरंजीचा_फास्ट लिहितो:

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उजव्या हाताने फास्ट टाकतो. लहानपणापासून गल्लीत, मग गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत खेळलो. तिथे रन-अप कुणी मोजत नाही. मागे जायचं, वळायचं आणि सुटायचं. यंदा कॉलेजच्या टीममध्ये लेदर बॉलवर घेतलं आणि पहिल्याच मॅचला ५ ओव्हरमध्ये ७ नो-बॉल पडले.

त्यातल्या एकावर त्यांचा ओपनर बोल्ड झाला होता. मिडल स्टम्प उखडला, मी हात वर करून पळत सुटलो आणि मागे वळून बघतो तर अंपायरचा हात आडवा. त्या ओपनरने पुढे ६० काढले आणि आम्ही हरलो. रात्री झोप लागली नाही.

सर म्हणाले, पाय मागे टाक. म्हणून दुसऱ्या मॅचला मार्क, म्हणजे जिथून पळायला सुरुवात करतो ती खूण, एक फूट मागे घेतला. पहिला चेंडू क्रीजच्या हातभर मागून पडला, दुसरा बरोबर, तिसरा परत नो-बॉल. आता तर शेवटच्या तीन-चार पावलांत माझी नजर रेघेवरच जाते, पावलं आखूड होतात आणि सगळा वेग तिथेच मरतो. कॅप्टनने मागच्या मॅचला बॉल हातात दिलाच नाही. नेटमध्ये मात्र हा त्रास होत नाही.

माझे प्रश्न असे: रन-अप किती लांब हवा? कुणी १५ पावलं म्हणतं, कुणी २०. बुमराहसारखा छोटा करून टाकू का? आणि तो पक्का कसा करायचा? आमच्याकडे कोच असा कुणी नाही. सर फिजिक्स शिकवतात, आमच्यासाठी वेळ काढतात, पण त्यांनी स्वतः कधी फास्ट टाकलेलं नाही. कृपया सविस्तर सांगा.


टप्पा_आखूड लिहितो:

सोपं आहे भावा. मार्क अजून दोन फूट मागे घे, नो-बॉल बंद. थोडा मागून पडला तर काय बिघडतं?


मैदानकाका लिहितो:

मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. वर ज्यांनी दोन फूट मागे जायला सांगितलंय त्यांचा हेतू चांगला आहे, पण ते करू नकोस. तूच लिहिलं आहेस की मार्क मागे घेतल्यावर एक चेंडू हातभर मागून पडला आणि एक परत पुढून. म्हणजे मार्क चुकलेला नाही, तुझी पावलं दर वेळी वेगळी पडतायत. पावलं एकसारखी नसतील तर मार्क कुठेही ठेव, पाय वाटेल तिथे पडणार. शिवाय हातभर मागून टाकलेला चेंडू बॅट्समनला तेवढा जास्त वेळ देतो, म्हणजे घाम गाळून मिळवलेला वेग आपणच परत करतो.

मी मुंबईत वीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, मध्यमगती टाकायचो. आता डोंबिवलीत शनिवार-रविवारी सकाळी पोरांना बघतो. तुझ्या वयाचा असताना मला नेमका हाच आजार होता. तो कसा बरा झाला ते सांगतो, त्यात तुझं बरंचसं उत्तर आहे.

आझाद मैदानावर आमच्या क्लबचा तंबू होता. आमचे एक ज्येष्ठ बोलर होते, तेव्हा चाळिशीला आलेले. एका रविवारी मॅचमध्ये माझे चार नो-बॉल पडले. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. तंबूतल्या गणपतीपुढे उदबत्त्या लागायच्या, त्यांच्या विझलेल्या काड्यांची मूठ त्यांनी उचलली आणि मला मोकळ्या आउटफिल्डमध्ये नेलं. तिथे पिच नाही, क्रीज नाही, स्टम्प नाहीत. जमिनीवर एक बूट ठेवला आणि म्हणाले, 'इथून पळ आणि अंगाला वाटेल तिथे बॉल टाक. कुठे पोचायचं आहे हे विसर.' मी पळालो, बॉल टाकला. माझा डावा पाय जिथे पडला तिथे त्यांनी एक काडी खोचली. असं दहा वेळा.

दहा काड्या झाल्यावर बघितलं तर त्या जवळपास पाच फुटांत विखुरलेल्या. मला वाटलं, आता उडी कशी मारायची, पाय कसा टाकायचा ते सांगतील. त्यांनी उडीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, 'तू कधी डाव्या पायाने सुरू करतोस, कधी उजव्याने. कधी दोन पावलं चालत येतोस, कधी तीन. आता दोन्ही पायांचे चवडे बुटाच्या रेषेत ठेव, एक श्वास घे आणि दर वेळी डावा पाय आधी.' परत दहा वेळा पळालो. पहिल्या दोन-तीन काड्या इकडेतिकडे गेल्या, नंतरच्या सात एका वितीच्या आत होत्या. अंधार पडायला लागला होता, मी गुडघ्यावर बसून त्या काड्यांवर वीत ठेवून बघितली. ती सात काड्यांची ओळ आजही डोळ्यांसमोर आहे.

नो-बॉल दिसतो रेघेवर, पण होतो पहिल्या दोन पावलांत. तिथे वीतभर फरक पडला की पुढच्या प्रत्येक पावलात तो वाढत जातो आणि शेवटी तू तो दुरुस्त करायला जातोस. आखूड पावलं टाकतोस, नजर खाली जाते, डोकं खाली जातं, वेग संपतो. म्हणून 'पाय मागे टाक' या सल्ल्याचा उपयोग होत नाही. पाय मागे टाकायची वेळ येईपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं.

तर आता हे कर. एका मित्राला सोबत घे. मोकळ्या मैदानात एक खूण कर आणि दहा-बारा वेळा पळून बॉल टाक. रेघ आखू नकोस. मित्राने पुढचा पाय पडला तिथे काडी, खडा, काहीही ठेवायचं. सगळे खडे एका जागी जमेपर्यंत सुरुवात पक्की करत राहा. जमले की खुणेपासून त्या झुबक्याच्या मधोमधपर्यंतचं अंतर मोज. ते तुझं माप. मग पिचवर जा, क्रीजवर पाय जिथे पडायला हवा तिथून मागे तेवढंच अंतर मोजून मार्क कर. उलटं करायचं नाही, म्हणजे आधी मार्क करून मग पाय तिथे पोचवायची धडपड करायची नाही.

मोजताना चालीच्या पावलांवर विसंबू नकोस. सकाळी ताजातवाना असताना तुझी १९ पावलं आणि तिसऱ्या स्पेलला पाय जड झाल्यावरची १९ पावलं यांत सहज दोन-तीन फुटांचा फरक पडतो. माझं माप ५७ फूट होतं. किटबॅगमध्ये तेवढी सुतळी ठेवायचो, दोन्ही टोकांना गाठ. मॅचच्या आधी अंपायर यायच्या आत दोन्ही एंडला सुतळी लावून मार्क करून टाकायचो.

कुठला पाय आधी, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे, फक्त तो बदलता कामा नये. तू उजव्या हाताने टाकतोस, म्हणजे उडी डाव्या पायावरून, उतरायचं उजव्यावर आणि मग डावा पाय क्रीजवर. माझी पावलं अकरा होती. पहिलं डावं, नववं डावं, तिथून उडी, दहावं उजवं, अकरावं डावं. डाव्याने सुरू केलंस तर एकूण पावलं विषमच येणार. सम येत असतील तर मध्ये कुठेतरी पाय बदलायची छोटी उडी घेतोयस आणि तीच तुझा ताल मोडतेय. मित्राला मोबाइलवर बाजूने शूट करायला सांग, मोजून बघ.

आणखी एक गोष्ट, ही लांब उडीवाले करतात. चौथं पाऊल जिथे पडतं तिथे मैदानावर दुसरी खूण करायची. मित्राने फक्त तिथेच बघायचं, क्रीजकडे नाही. चौथं पाऊल खुणेवर पडलं की पुढचं बहुतेक आपोआप जुळतं. चौथंच चुकलं तर क्रीजवर नो-बॉल पडला काय नि नाही पडला काय, तो बॉल मोजायचाच नाही.

आता लांबी. १५ की २० हा प्रश्नच बाजूला ठेव. रन-अप एवढा हवा की उडीच्या आधी तुझा चांगला वेग आलेला असेल आणि तू त्याला सांभाळू शकशील. नऊ पावलांनी टाकून बघ, मग अकरा, मग तेरा. मित्राला कीपरच्या जागी उभा कर, तोच सांगेल बॉल कधी जोरात येतोय. पावलं वाढवूनही बॉल तेवढाच येत असेल तर ती जास्तीची पावलं फक्त तुझे पाय दमवतायत. शोएब अख्तर सीमारेषेजवळून यायचा, वसीम अक्रमला त्याच्या कितीतरी कमी धाव पुरायची, आणि दोघांचाही बॉल बॅट्समनला जड जायचा. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण तर मी प्रत्येक पोराला सांगतो. भारतीय संघाबाहेर असताना २००६ मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशरकडून खेळायला गेला, रन-अप छोटा केला, त्या एका मोसमात ७८ विकेट घेतल्या आणि परत आला तो वेगळाच बोलर होऊन. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या २१ विकेट होत्या. रन-अप कमी केला म्हणून तो कमी झाला नाही.

पण बुमराहची नक्कल करू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. त्याने स्वतः सांगितलंय की लहानपणी घरामागच्या जागेत खेळायचा, तिथे जेवढी जागा होती तेवढीच धाव. पुढे लांब रन-अपही करून बघितला, वेगात फरक पडला नाही. म्हणजे त्याचा वेग त्याच्या पायांतून कमी आणि पुढचा पाय ताठ रोवण्यातून, खांदा-कोपर-मनगटातून जास्त येतो. ते शरीर त्याचं आहे. तुझ्या माझ्यासारख्याला थोडी धाव लागतेच. छोट्या रन-अपने तोच वेग काढायला गेलास तर सगळा ताण खांद्यावर आणि कमरेवर येईल.

पळायचं कसं? डोंबिवलीहून लोकल सुटते तशी सुरुवात कर. धक्का नाही, हळूहळू वेग, आणि एकदा वेग आला की मध्ये ब्रेक नाही. पहिल्या पावलापासून जीव तोडून पळणारी पोरं उडीच्या आधी मंदावतात, हे मी दर आठवड्याला बघतो. उडी पुढे मारायची, वर नाही. वर गेलास की धावेतून मिळालेला वेग हवेत जातो आणि उतरताना गुडघ्यावर आदळतोस. नजर ऑफ स्टम्पच्या टोकावर किंवा कीपरच्या ग्लोव्हजवर. क्रीजकडे एकदाही नाही.

आणि सरळ पळ. हे तपासायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे थंडीतली सकाळ, मैदानावर दव असताना. एकदा पळून ये आणि मागे वळून बघ. गवतावर तुझ्या पावलांचा काळपट माग स्पष्ट दिसतो. आमच्याकडच्या एका चौदा वर्षांच्या पोराला मी महिनाभर सांगत होतो की तू शेवटी डावीकडे वळतोस, त्याला पटायचं नाही. एक दिवस दवातला माग दाखवला, अक्षरशः कोयत्यासारखा वाकडा. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. त्यानंतर मला परत सांगावं लागलं नाही. माग असा वाकडा असला की उतरताना कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे जातात, पाठ पिळवटते, आणि तरुण फास्ट बोलरांच्या पाठीच्या खालच्या मणक्यांत बारीक फ्रॅक्चर होण्याचं ते एक मोठं कारण आहे. पाठ दुखायला लागली तर 'चालतंय' म्हणून खेळत राहू नकोस, डॉक्टरला दाखव.

शेवटी नेटचं. तू म्हणतोस नेटमध्ये नो-बॉल पडत नाहीत. तिथे रेघ असते का? आणि ती कुणी बघतं का?


इचलकरंजीचा_फास्ट लिहितो:

काका, काय बोलू. एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. नेटमध्ये रेघ नाहीच आहे. आज संध्याकाळी चुन्याने मारली आणि मित्राला उभा केला. ३० बॉलमध्ये ११ नो-बॉल. म्हणजे मी रोज नो-बॉल टाकायचीच प्रॅक्टिस करत होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या नेटमागे भिंत आहे, पूर्ण रन-अप बसतच नाही, मग काय करायचं? आणि ग्राउंडवर मॅटिंग विकेट आहे, म्हणजे पिचवर मॅट अंथरलेली, मातीवरून पळत येऊन मॅटवर चढताना पाऊल अडखळल्यासारखं होतं. ते मनातून कसं काढू?


पांढरा_कोट लिहितो:

मी जिल्हा पातळीवर बारा वर्षं अंपायरिंग करतो. मैदानकाकांनी सांगितलं त्यात भर घालत नाही, फक्त रेघेच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो, कारण अर्ध्याहून जास्त पोरांना नियमच नीट माहीत नसतो.

पॉपिंग क्रीज म्हणजे त्या पांढऱ्या पट्ट्याची मागची कड, स्टम्पच्या बाजूची. स्टम्पपासून ४ फुटांवर. पट्टा तुझा नाही. पुढच्या पायाचा थोडा तरी भाग त्या कडेच्या मागे हवा, आणि तो जमिनीला टेकलेलाच हवा असं नाही. टाच हवेत असली तरी ती कडेच्या मागे असली की चेंडू योग्य. आम्ही पाय पहिल्यांदा टेकतो तो क्षण बघतो. नंतर घसरून पुढे गेला तर नो-बॉल नाही. मागच्या पायाचंही लक्षात ठेव. तो बाजूच्या रिटर्न क्रीजच्या आत पडायला हवा, तिला स्पर्शसुद्धा चालत नाही. वाकडा पळत येणाऱ्यांचे नो-बॉल बऱ्याचदा तिथे जातात आणि ते बिचारे पुढचा पाय दाखवून वाद घालतात.

ओव्हर द विकेट टाकणार की राउंड, म्हणजे स्टम्पच्या कुठल्या बाजूने, हे आधी सांगायला विसरू नकोस. न सांगता बाजू बदललीस तर तोही नो-बॉल. आणि टाकून झाल्यावर पिचच्या मधोमध पळत जाऊ नकोस. पॉपिंग क्रीजपासून ५ फुटांच्या पुढे, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक फूट, ही जागा आम्ही जपतो. आधी ताकीद मिळते, तरी ऐकलं नाही तर त्या डावात पुढे बोलिंग बंद.

आणि अंपायरशी बोल. 'सर, पाय किती जवळ आहे?' असं ओव्हर संपल्यावर नम्रपणे विचारलंस तर बहुतेक जण सांगतात. मी तर न विचारताही सांगतो. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलला फखर जमान ३ वर असताना बुमराहच्या नो-बॉलवर कीपरकडे झेल गेला होता, त्याने पुढे ११४ केल्या. एवढ्या मोठ्या बोलरचं हे होतं, तर तू स्वतःला फार दोष देऊ नकोस.


मैदानकाका लिहितो:

अंपायर साहेबांचे आभार. रेघेच्या मागच्या कडेचं मी लिहायलाच हवं होतं. अनेक पोरं पट्ट्यावर पाय पडला तरी 'लाइनवर आहे' म्हणून खूश असतात.

आता तुझे प्रश्न. नेटमागे भिंत असेल तर अर्धवट धावू नकोस, दुसरं माप तयार कर. मी दोन रन-अप ठेवायचो, एक अकरा पावलांचा आणि एक सात पावलांचा. दोन्ही डाव्या पायाने सुरू, दोन्ही सुतळीने मोजलेले. सातमध्ये पाचव्यावरून उडी. तो नेटमध्ये वापरायचो आणि पावसाळ्यात कांगा लीगलाही तोच. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळतात, मैदानं चिखलाची, पिच उघडी. तिथे अकरा पावलं पळायला गेलं की घसरलंच. पडलेल्या पावलाच्या खड्ड्यात लाकडाचा भुसा टाकून टाकून आम्ही सात पावलांत टाकायचो, आणि अंगाने खरोखर शिकलो की ताल छोट्या धावेतही बसतो. तुझ्या भिंतीचा राग धरू नकोस, तिच्यामुळे तुझ्याकडे दुसरा रन-अप तयार होईल.

मॅटचं म्हणशील तर मॅट ओढून घट्ट बसवली आहे का आणि कडेचे खिळे वर आलेत का, हे मॅचआधी स्वतः बघ. कड वर असेल तर माती टाकून, दाबून सपाट करून घे. स्पाइक्स मॅटवर घालू नकोस, रबरी स्टडचे बूट घाल. आणि सरावात दहा-वीस वेळा बॉल न घेता फक्त मातीवरून मॅटवर पळून जा. पायाला ती जागा कळली की मन आपोआप शांत होतं. न बघता जिना उतरतो ना आपण, तसं.

मैदानावर आणखी काही गोष्टी तुझं माप हलवतील. समोरून वारा असेल तर पावलं आखूड पडतात, पाठीमागून असेल तर लांब. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की सकाळी बरोबर असलेला मार्क एका एंडला अर्धा फूट खोटा ठरायचा. अशा वेळी मार्क हलवायचा, पळणं बदलायचं नाही. मी एक छोटी वही ठेवली होती. मैदान, एंड, वारा, मार्क किती मागे-पुढे केला, किती नो-बॉल. दोन मोसमांनंतर त्या वहीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या माणसाने नाही शिकवलं.

आणि पळता पळता ताल बिघडला असं वाटलं तर थांब. बॉल टाकू नकोस, मार्कवर परत जा. आझाद मैदानावर तर शेजारच्या मॅचचा फिल्डर आमच्या रन-अपमध्येच उभा असायचा, अर्ध्यातून परत फिरावं लागायचं. सुरुवातीला लाज वाटायची, बॅट्समन बघतोय, कॅप्टन बघतोय. वाटू दे. बिघडलेल्या धावेतून टाकलेला बॉल एक तर नो-बॉल जातो किंवा फोर.


इचलकरंजीचा_फास्ट लिहितो:

तीन आठवड्यांनी परत आलोय, कळवायचंच होतं.

आमच्या घरी यंत्रमाग आहेत, सुताला तोटा नाही. वडिलांना सांगितल्यावर त्यांनी स्वतः सूत पिळून जाड दोरी करून दिली, दोन्ही टोकांना लाल धागा गुंडाळला. त्यांनी माझी एकही मॅच कधी बघितली नव्हती. ते माप घ्यायला मैदानावर आले, मी पळत होतो आणि ते वाकून वाकून खडे ठेवत होते. पहिल्या दिवशी खडे सगळीकडे. चौथ्या दिवशी बाबा लांबूनच ओरडले, 'आता एका जागी पडाय लागलंय बघ!' माझं माप ६३ फूट निघालं, पावलं तेरा, डाव्याने सुरुवात. मी अकरावरही करून बघितलं, पण कीपर म्हणाला तेराला बॉल जास्त लागतो हाताला. नेटसाठी सातचा वेगळा.

काल मॅच झाली. ६ ओव्हर, १ नो-बॉल, २ विकेट. कॅप्टनने नवीन बॉल दिला होता. मी एकदाही खाली बघितलं नाही.

तो एक नो-बॉल का पडला ते सांगतो. सेट झालेल्या बॅट्समनला बाउन्सर टाकायचा ठरवलं, मार्कवरच दात-ओठ खाल्ले आणि जोरात सुटलो. पाय वीतभर पुढे. जोरात टाकायचा असेल तेव्हा काय करायचं मग?


मैदानकाका लिहितो:

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. पोस्ट वाचून फार बरं वाटलं.

बाउन्सरचं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस, 'मार्कवरच दात-ओठ खाल्ले'. जोर मार्कवर आला की पहिलं पाऊल लांब पडतं आणि तिथूनच माप फसतं. बाउन्सर असो, यॉर्कर असो, स्लो बॉल असो, पहिली चार पावलं हुबेहूब तीच. बॅट्समनलाही तुझ्या धावेवरून काही कळता कामा नये. जास्तीचा जोर उतरल्यानंतर लाव. पुढचा पाय ताठ रोव, डावा हात जोरात खाली ओढ आणि खांदा पूर्ण फिरू दे. सरावात वडिलांना चौथ्या पावलाच्या खुणेपाशी उभं कर. सहा बॉल टाक, त्यातले कुठलेही दोन पूर्ण ताकदीने, आणि कुठले ते त्यांना सांगू नकोस. चौथ्या पावलावरून ते ओळखता येईनासे झाले की मॅचमध्ये टाक.

आणि दोरी भिजू देऊ नकोस, सूत ओलं झालं की आकसतं. पावसाळ्याआधी टेप लावून एकदा तपासून घे.